बीएमडब्ल्यूला तारणारं इंजिन बनवणारे अ‍ॅलेक्स फॉन फाल्केनहाउसेन कोण होते?

बीएमडब्ल्यू म्हटलं की आज श्रीमंती आठवते. पण 1959 मध्ये हीच कंपनी डायम्लर-बेंझच्या घशात जाणार होती. छोटे शेअरहोल्डर आणि डीलर अडून बसले, म्हणून वाचली. आता टिकायचं तर मध्यमवर्गाला परवडेल अशी दमदार सेडान हवी होती. तिच्या इंजिनाचं काम आलं अ‍ॅलेक्स यांच्याकडे.

1907 साली म्युनिकमध्ये जन्मलेला हा माणूस मुळात रेसर. 1934 मध्ये बीएमडब्ल्यूत लागला, युद्धानंतर एएफएम नावाने स्वतःच्या रेसिंग कार बनवल्या, मग 1954 मध्ये परत जुन्या कंपनीत.

कंपनीला 1.3 लिटरचं इंजिन पुरेसं वाटत होतं. अ‍ॅलेक्स यांचा हट्ट होता, किमान दीड लिटर हवं आणि पुढे दोन लिटरपर्यंत वाढवायला जागाही हवी. 1961 मध्ये फ्रँकफर्टच्या शोमध्ये 1500 सेडान आली, ती याच इंजिनासह.

खरी मजा पुढे झाली. अ‍ॅलेक्स यांनी स्वतःच्या छोट्या दोन दारांच्या 1600 मध्ये गुपचूप दोन लिटरचं इंजिन बसवून घेतलं. कंपनीतल्याच हेल्मुट व्हेर्नर ब्योन्श यांनीही नेमकं तेच केलं होतं आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता! मग दोघांनी मिळून कंपनीला पटवलं. अमेरिकेतले इम्पोर्टर मॅक्स हॉफमन जास्त ताकदीची गाडी मागतच होते. 1968 मध्ये 100 हॉर्सपॉवरची 2002 बाजारात उतरली. आजच्या एम3 ची ही आजीच म्हणा ना.

1975 मध्ये अ‍ॅलेक्स रिटायर झाले. त्यांच्याच इंजिनाच्या ब्लॉकवर पॉल रोशे यांनी टर्बो इंजिन उभं केलं आणि 1983 मध्ये नेल्सन पिके त्यावर फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झाला. ते बघायला अ‍ॅलेक्स हयात होते. 1989 मध्ये ते गेले.