मुक्तिबोधांची मातृभाषा कोणती?

हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे नाव निघाले की आपल्याकडचा माणूस अभिमानाने सांगतो, ते मूळचे मराठी. ते खरेच आहे. पण तेवढ्याने प्रश्न मिटतो असे आम्हाला वाटत नाही.

घराणे खानदेशातले. पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तेथे श्योपूरला १३ नोव्हेंबर १९१७ रोजी गजाननरावांचा जन्म झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या पाठीमागे लागलेल्या. आई पार्वतीबाई बुंदेलखंडातील ईसागडच्या. त्यांना प्रेमचंदांच्या वाचनाची मोठी ओढ. पुढे बिऱ्हाड उज्जैनला आले. ते गाव मराठी माणसाला परके नव्हतेच. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात तेथील महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले होते. मुक्तिबोधांच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळवी व हिंदी. याच उज्जैनला १९३० साली ते मिडलच्या परीक्षेत नापास झाले. (आम्हा शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट!) माधव कॉलेजात असताना ते लिहू लागले, ते हिंदीत. १९४३ च्या 'तारसप्तक' या प्रसिद्ध संग्रहातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरचे होते.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार झाले. आईबाप तेच, घरही तेच. मग या घराची भाषा कोणती लिहायची?

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलते ती मातृभाषा, आणि रकान्यात नाव एकाच भाषेचे. आपल्या सीमाभागात हा रकाना किती महत्त्वाचा आहे हे वाचकांस सांगायला नको. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, या तत्त्वांवर आपली मागणी उभी आहे. तेव्हा मोजणी आम्हाला नको आहे असे नाही. पण पाटील, कुलकर्णी, देसाई ही आडनावे मराठी घरांतही आहेत आणि कानडी घरांतही. आई एका भाषेची व वडील दुसऱ्या, अशी मुले आमच्या वर्गात बसतात. आडनाव किंवा मुलाची शाळा पाहून परस्पर रकाना भरणे, मग भरणारा त्या बाजूचा असो की आपल्या, आम्हाला मान्य नाही. घरच्या माणसाला विचारावे आणि तो सांगेल ते लिहावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. त्या सुमारास गजाननराव नागपुरात 'नया खून' या हिंदी साप्ताहिकात काम करीत होते. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हे गाव तेव्हा मध्य प्रदेशात होते, आता छत्तीसगडात आहे. त्यांच्या 'भारत: इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. तो घाव त्यांना फार लागला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पहिला कवितासंग्रह त्यांच्यामागे निघाला.

शरच्चंद्रांना १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, मराठीसाठी. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नाव 'क्षिप्रा', म्हणजे उज्जैनची नदी. दुसरीचे नाव 'सरहद्द'.