लिंडली मरे

इंग्रजी व्याकरणाचा तास म्हटला म्हणजे आम्हांपैकीं बहुतेकांच्या पोटांत गोळा उठतो. ज्यांच्या पुस्तकानें हा विषय पूर्वीं शाळाशाळांतून शिकविला गेला, ते लिंडली मरे पेशानें वकील होते, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचा जन्म १७४५ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतीं झाला. न्यूयॉर्क येथें वकिलींत व व्यापारांत त्यांनीं पुष्कळ द्रव्य मिळविलें. परंतु स्नायूंच्या दुर्बलतेनें त्यांस ग्रासलें. १७८४ सालीं प्रकृतीकरितां ते इंग्लंडांत यॉर्कजवळ होल्गेट येथें येऊन राहिले. मायदेशीं परतणें घडलेंच नाहीं. चालणें सुटलें, पुढें घराबाहेर पडणेंही सुटलें.

अशा स्थितींत, तेथील एका मुलींच्या शाळेच्या शिक्षिकांनीं विनंती केल्यावरून त्यांनीं लिहिलेलें व्याकरण १७९५ सालीं प्रसिद्ध झालें. १७९७ च्या अभ्यासपुस्तकांत तर त्यांनीं मुद्दाम अशुद्ध वाक्यें घालून तीं विद्यार्थ्यांकडून शुद्ध करविलीं. विरोध दाखविणाऱ्या उभयान्वयी अव्ययांच्या जोड्याही त्यांनीं नियमांत बसविल्या: 'दो' आलें कीं पुढें 'येट', जसें आपलें जरी–तरी. आज हें 'येट' गाळलें तरी चालतें. आम्ही मात्र त्या जागीं 'बट' घालतों आणि गुण घालवून बसतों! तसेंच 'ऑल्दो' च्या पुढें कर्ता व क्रियापद हवें, 'डिस्पाइट' च्या पुढें नाम. आणि 'ऑफ' लागतें तें 'इन स्पाइट' ला, 'डिस्पाइट' ला नव्हे.

मरे १८२६ सालीं होल्गेट येथेंच वारले. त्यानंतर दहा वर्षांनीं मुंबईंत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण निघालें. त्याच्या मांडणींतही मरे यांच्या पुस्तकाची छाया दिसते.