कामगारांचा कैवारी : कीर हार्डी

१८६६ साल संपत आले होते. हिवाळ्याचे दिवस होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात दहा वर्षांचा एक मुलगा पावाच्या दुकानात काम करीत असे. सावत्र वडिलांचे काम सुटल्यामुळे घरात कमावता असा तो एकटाच होता. अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या भावाच्या उशाशी रात्री जागून काढल्यामुळे त्याला दुकानात पोचण्यास उशीर झाला. मालकाने त्याला कामावरून काढून टाकले आणि मजुरीही दंड म्हणून कापून घेतली. रिकाम्या हातांनी घरी परतणाऱ्या त्या मुलाचे नाव जेम्स कीर हार्डी.

कीरचा जन्म १५ ऑगस्ट १८५६ रोजी लॅनर्कशायर परगण्यात झाला. दुकानातील काम गेल्यावर तो कोळशाच्या खाणीत लागला. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून बसविलेले दार उघडावयाचे व बंद करावयाचे, एवढेच त्याचे काम. परंतु त्यासाठी दहा-दहा तास काळोखात एकट्याने बसावे लागे. शाळेत जाणे त्याच्या नशिबी नव्हते. आईने त्याला वाचावयास शिकविले आणि लिहिणे तो रात्रीच्या वेळी शिकला. पुढे खाणीतील दिव्याच्या धुराने काळ्या केलेल्या पाटीवर टाचणीने रेघोट्या ओढून त्याने लघुलेखनाचाही अभ्यास केला.

मोठेपणी हार्डी खाणकामगारांची गाऱ्हाणी मांडू लागले. मालकांनी त्यांच्यासाठी खाणींचे दरवाजे बंद केले. तेव्हा कामगारांनीच त्यांना आपल्या संघटनेचे काम सांगितले. १८८० साली लॅनर्कशायरमध्ये संप झाला. संघटनेच्या तिजोरीत पैसा नव्हता. हार्डींनी दुकानदारांना गाठून उधारीवर धान्य मिळविले. त्यांच्या घरी संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी चूल पेटली आणि त्यांच्या पत्नीने ती शेवटपर्यंत सांभाळली. संप अखेर फसला. परंतु संकटात आपल्याजवळ कोण उभे राहिले, हे कामगार विसरले नाहीत.

त्या काळी कामगारांचा ओढा लिबरल पक्षाकडे असे. हार्डीही त्याच पक्षाचे होते. परंतु त्या पक्षात खाणमालकही होते. त्यामुळे निवडणुकीत कामगारांची बाजू घेणारे पुढारी संपाच्या वेळी कचरत. १८८८ साली मिड लॅनर्क येथे पोटनिवडणूक आली. पक्षाने हार्डींना उमेदवारी नाकारली. तेव्हा ते स्वतंत्रपणे उभे राहिले. त्यांनी माघार घ्यावी म्हणून पुढे एक सुरक्षित मतदारसंघ आणि वर्षाला ३०० पौंड देण्याची तयारी पक्षाने दाखविली. हार्डींनी ती नाकारली. निवडणुकीत त्यांना अवघी ६१७ मते पडली आणि ते सर्वांत शेवटी राहिले. मात्र चारच वर्षांनी, १८९२ साली, लंडनजवळील वेस्ट हॅम साउथच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटात पाठविले. तेथे उंच रेशमी टोपी घालण्याची रीत होती. हार्डी साधी कापडी टोपी घालून गेले.

एकट्याने काय साधणार? म्हणून कामगारांचा स्वतःचा पक्ष उभारण्यासाठी हार्डी झटले. १९०० साली त्याचा पाया घातला गेला. पार्लमेंटात कामगार प्रतिनिधींचा वेगळा गट असावा आणि त्याने आपले धोरण स्वतः ठरवावे, हा ठराव हार्डींचाच होता. गटाचा निर्णय पाळू, नाहीतर राजीनामा देऊ, असे वचन १९०३ पासून प्रत्येक उमेदवाराकडून घेतले जाऊ लागले.

हे बंधन कशासाठी? शंभर कामगारांनी संप करावा आणि त्यांतील दहांनी गुपचूप कामावर जावे, तर संप मोडतो. पक्षाचेही तसेच असते. याचा प्रत्यय लवकरच आला. १९०१ साली न्यायालयाने एका रेल्वे कंपनीच्या बाजूने निकाल दिला, की संपामुळे झालेली नुकसानी कामगार संघटनेने भरून द्यावी. त्या संघटनेला २३,००० पौंड मोजावे लागले. असे होऊ लागल्यावर संप कोण करणार? १९०६ च्या निवडणुकीत या नव्या पक्षाचे २९ प्रतिनिधी निवडून आले. त्यांनी एकजुटीने नेट धरला आणि त्याच वर्षी संघटनांना संरक्षण देणारा कायदा झाला. पक्षाच्या या गटाचे पहिले अध्यक्ष हार्डीच होते.

परंतु शिस्तीची खरी कसोटी पुढेच होती. पुरुषांना ज्या अटींवर मत देता येते, त्याच अटींवर ते स्त्रियांनाही देता यावे, असे हार्डींचे मत होते. १९०७ साली बेलफास्टच्या अधिवेशनात पक्षाने याविरुद्ध कौल दिला. ज्या शिस्तीसाठी हार्डी झगडले, तीच आता त्यांच्या आड आली! त्यांनी निर्णय चोरून मोडला नाही, की मुकाट्याने मानही तुकविली नाही. हा निर्णय बंधनकारक असेल, तर पक्षात राहता येईल की नाही याचा विचार करावा लागेल, असे त्यांनी भर सभेत सांगितले. स्वतः उभारलेले घर सोडण्याची ती तयारी होती. अखेर या प्रश्नावर प्रत्येकाने आपल्या विवेकाप्रमाणे मत द्यावे, अशी मोकळीक पक्षाने दिली.

त्याच वर्षी हार्डी हिंदुस्थानात येऊन गेले आणि येथील लोकांच्या स्वराज्याच्या हक्काचा त्यांनी उघड पुरस्कार केला. १९११ च्या रेल्वे संपात वेल्समधील लॅनेली येथे सैनिकांच्या गोळीबारात दोन तरुण ठार झाले, तेव्हा त्यांनी सरकारला जाब विचारणारी पुस्तिका लिहिली. १९१४ साली महायुद्ध पेटले. पक्ष युद्धाच्या बाजूने गेला, हार्डी विरोधातच राहिले. त्यांच्याच मतदारसंघातील लोकांनी त्यांची सभा उधळली. या आघाताने ते खचले आणि २६ सप्टेंबर १९१५ रोजी ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, शिस्तीवाचून कोणतेही मोठे कार्य तडीस जात नाही, हे हार्डी जाणून होते. परंतु शिस्त ज्यांच्यासाठी स्वीकारली, त्यांचा विसर त्यांनी कधी पडू दिला नाही. चार माणसांबरोबर चालावे, पण मन पटत नसेल तेथे ते उघडपणे सांगावे आणि त्याची किंमतही स्वतः मोजावी, हे त्यांच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.