विदूषकाची वकिली

जुन्या पिढीतल्या ज्या वाचकांनी इंग्रजी सिनेमे हौसेने पाहिले, त्यांना डॅनी के नक्की आठवत असेल. तांबूस केसांचा, रबरासारख्या चेहऱ्याचा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालवणारा नट. १९४१ साली ब्रॉडवेवरच्या एका नाटकात त्याने पन्नासच्या आसपास रशियन संगीतकारांची नावे अडतीस सेकंदांत गाऊन दाखवली आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. पण त्याच्या आयुष्यातली जी गोष्ट मला मोठी वाटते, तिच्यात बोलणे फारसे नाहीच.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९११ साली तो जन्मला. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू, वडील शिंपी. शाळा अर्धवट सुटली आणि नोकऱ्या टिकेनात. एका दंतवैद्याकडे कामाला होता. तिथले दात कोरायचे यंत्र लाकडी सामानावर चालवून पाहिले म्हणून त्याला काढून टाकले. पुढे त्याच दंतवैद्याच्या मुलीशी, सिल्व्हिया फाइनशी, त्याने लग्न केले आणि त्याची कितीतरी गाणी तिनेच रचली! विमा कंपनीत असताना त्याच्या एका चुकीने कंपनीला चाळीस हजार डॉलरचा फटका बसला. माझ्यासारख्या बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला हा आकडा वाचून आजही घाम फुटतो.

१९३४ साली एका नाटकमंडळीबरोबर तो पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघाला. ओसाकात प्रचंड वादळ झाले, दिवे गेले, प्रेक्षक घाबरले. तेव्हा याने विजेरीचा झोत स्वतःच्या चेहऱ्यावर टाकला आणि गात राहिला. समोरच्यांना इंग्रजी येत नव्हते. भाषेविना, नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी माणूस आपलासा करायची विद्या त्याला या दौऱ्याने दिली. ती खरी उपयोगी पडली वीस वर्षांनी.

मधल्या काळात तो हॉलिवूडचा बडा नट झाला होता. १९४९ साली लंडनहून न्यूयॉर्कला जाताना विमानाचे इंजिन बिघडले आणि विमान आयर्लंडकडे वळवावे लागले. त्या विमानात त्याची गाठ मॉरिस पेट यांच्याशी पडली. हे युनिसेफचे पहिले प्रमुख. युद्धात पोळलेल्या मुलांसाठी १९४६ साली निघालेली ही संस्था आता आशियातल्या मुलांसाठी काम करू पाहत होती, पण ते काम लोकांना ठाऊक नव्हते. पेट यांनी १९५४ साली डॅनीला युनिसेफचा फिरता राजदूत केले. नटाला असे पद मिळण्याची ही पहिलीच वेळ.

त्या वर्षी भारत, ब्रह्मदेश, थायलंड, जपान अशी भ्रमंती झाली. थायलंडमध्ये त्याने ‘यॉज’ पाहिला. हा रोग गरीब, दमट, आडवळणाच्या मुलखातला. मुलांच्या कातडीला कातडी लागून पसरणारा. आधी फोड, मग व्रण, आणि उपचार झाला नाही तर हाडांपर्यंत जाऊन मूल कायमचे विद्रूप. त्यावर पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरे! थोड्या दिवसांत कातडी स्वच्छ होते. अशा मुलांपुढे बसून डॅनी वेडीवाकडी तोंडे करी आणि मुले हसत. या दौऱ्यावरचा ‘असाइनमेंट चिल्ड्रन’ हा लघुपट मी महत्त्वाचा मानतो तो एवढ्यासाठी, की दुखणाईत मूल पडद्यावर आले की आपण मान फिरवतो. हसणाऱ्या मुलाकडे मात्र बघत राहतो.

पुढे तीसेक वर्षे त्याने हे काम सोडले नाही. १९६५ साली युनिसेफला शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा तो ऑस्लोला हजर होता. १९७५ साली, साठी उलटल्यावर, स्वतः विमान चालवत त्याने पाच दिवसांत पासष्ट शहरे गाठली, तीही मुलांनी युनिसेफसाठी नाणी गोळा करावीत म्हणून.

यॉजचे पुढे काय झाले, हे मात्र गोड नाही. १९५२ ते १९६४ या मोहिमेत ४६ देशांत सुमारे तीस कोटी लोक तपासले गेले, पाच कोटींवर उपचार झाले, रोग ९५ टक्क्यांनी घटला. मग पैसा आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे वळले. उरलेले पाच टक्के कॅमेरा पोहोचत नाही अशा जागी होते. तिथून रोग पुन्हा पसरला. ३ मार्च १९८७ रोजी लॉस एंजेलिसला डॅनी वारला, तेव्हा आपल्याकडे मध्य भारतातल्या जंगलांत यॉज होताच. लोक त्याला माडिया रोग, कोया रोग म्हणत. ज्यांना होई त्या जमातींचेच नाव रोगाला चिकटवलेले!

ओरिसातल्या कोरापुट जिल्ह्यात १९९६ साली शोधमोहीम सुरू झाली. पुढे ती महाराष्ट्रासह दहा राज्यांत गेली. आरोग्यसेवक पाड्यापाड्यांवर घरोघर फिरले, रुग्णाबरोबर त्याच्या सहवासातल्यांनाही औषध दिले. २००३ नंतर नवा रुग्ण सापडला नाही; २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले. पश्चिम आफ्रिकेत आणि पॅसिफिकच्या काही बेटांवर तो अजून आहे. तिथे आता सुईही टोचावी लागत नाही, ॲझिथ्रोमायसिनची एक मात्रा तोंडाने देतात.