बाळशास्त्री जांभेकर आणि जगाची ओळख

फणसवाडींतील एखाद्या चाळीच्या खोलींत बसून आमचे विद्यार्थिमित्र आज संगणकावर सगळी पृथ्वी उलगडतात. नकाशांतील ब्राझील देशावर बोट ठेवावें, कीं राजधानी, लोकसंख्या, नद्या, पिकें, चलन ही सर्व माहिती क्षणांत डोळ्यांपुढें येते. असा बोलका नकाशा हाताशीं असतां, मराठी मुलांस जगाची ओळख त्यांच्याच भाषेंत करून देण्यासाठीं ज्यानें आपलें अल्प आयुष्य वेंचिलें, त्या पुरुषाचें स्मरण करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्म कोंकणांत, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पोंभुर्ले या गांवीं झाला. सन १८१२ हें त्यांचें जन्मवर्ष सामान्यतः मानितात. वडील गंगाधरशास्त्री यांजपाशीं संस्कृताचें अध्ययन झाल्यावर ते मुंबईस आले. येथें त्यांनीं इंग्रजी व गणित यांत प्रावीण्य मिळविलें, आणि गुजराती, बंगाली व फारसी याही भाषा आत्मसात केल्या. ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं, ऐन विशींत, त्यांनीं ‘दर्पण’ हें मराठींतील पहिलें वर्तमानपत्र काढिलें. त्यांत मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. सन १८३४ मध्यें एल्फिन्स्टन विद्यालयांत त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. दादाभाई नौरोजी हे त्यांचे शिष्य होत.

मुंबईंत आगगाडी सुरू झाली ती १८५३ सालीं. त्याच्याही पूर्वीचा हा काळ. नव्या शास्त्रांचीं पुस्तकें बहुतेक इंग्रजींत असत. ज्यास ती भाषा येत नसे, त्यास दूरचे देश म्हणजे केवळ ऐकीव गोष्ट. हें अंतर तोडण्यासाठीं बाळशास्त्र्यांनीं भूगोलविद्येवर मराठींत लिहिलें, आणि १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ हें मराठींतील पहिलें मासिक काढिलें. भूगोल, इतिहास, रसायन इत्यादि विषय त्यांत नकाशे व आकृत्या देऊन समजाविलेले असत. नकाशा छापणें कष्टाचें खरें. परंतु हें नवें ज्ञान सोप्या मराठींत सांगणें त्याहून कष्टाचें होतें, कारण तशा लेखनाची वाट तोंवर फारशी मळलेली नव्हती.

यासोबतच कुलाब्याची वेधशाळा, शाळांची तपासणी, शिक्षक तयार करण्याचा वर्ग, प्राचीन लेखांचें वाचन हीं कामें त्यांनीं अंगावर घेतलीं. १८४५ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून प्रसिद्ध केली. इतक्या श्रमांत, मे १८४६ मध्यें, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

ज्या विद्येनें त्यांस मान मिळाला, ती त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं, हाच या चरित्राचा बोध आहे. संगणकावरील नकाशा मागाल तें उत्तर देतो. पण प्रश्न आपणच विचारावा लागतो, आणि उत्तर मनांत मुरवावेंही आपणच लागतें. यास्तव विद्यार्थ्यांनीं पाहिलेला देश सायंकाळीं घरीं आजीस सांगून पाहावा. तेथें पाऊस केव्हां पडतो, लोक काय पिकवितात, काय खातात, हें तिला समजेल अशा मराठींत सांगतां आलें, तर तो देश आपण शिकलों. न आलें, तर नुसता पाहिला. पालकांनींही हातांतील काम क्षणभर बाजूस ठेवून तें ऐकावें, इतकीच आमची विनंति आहे.