वडील म्हणाले ठासणीचीच बंदूक भारी, पोराने दुनळीचा जोड पक्का करून दाखवला

पाथरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिथल्या एखाद्या वाड्यात त्या काळातली परवान्याची दुनळी निघाली, तर जाणकार ती रिकामी असल्याची खात्री करतो, मिटतो आणि उजेडासमोर धरतो. नळ्यांच्या मागे फट दिसली की जोड ढिला. (दुरुस्तीलाही सरकारी परवाना लागतो, गावातल्या लोहाराकडे नेऊ नका.)

हा जोड पक्का करणारा माणूस म्हणजे विल्यम वेलिंग्टन ग्रीनर. जन्म १८३४, इंग्लंड. वडील विल्यम ग्रीनर ठासणीच्या बंदुकांचे नावाजलेले कारागीर, बर्मिंगहॅममध्ये बस्तान. मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि घरात वाजलं. मधोमध उघडणाऱ्या बंदुकीवर वडिलांचा भरवसा नव्हता. पोराने सरळ वेगळं दुकान थाटलं. १८६९ मध्ये वडील वारले, मग दोन्ही धंदे एक झाले.

खरं तर वडिलांची शंका अगदीच चूक नव्हती. प्रत्येक बाराला जोडावर ताण येतो आणि तो हळूहळू सैल होतो. ग्रीनर यांनी दोन नळ्यांमधली पट्टी मागे वाढवली, तिला भोक पाडलं आणि त्यातून आडवा बोल्ट घातला. बंदूक मिटली की कडी लागल्यासारखी बसायची. हे पेटंट १८६५ चं.

१८७४ मध्ये त्यांनी नळीचं तोंड किंचित आवळून छर्रे लांबपर्यंत एकत्र ठेवणारी पद्धत आणली. १८८१ मध्ये बंदुकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. १९२१ मध्ये ते वारले, तोवर त्यांचा आडवा बोल्ट इतर कंपन्यांनीही उचलला होता.