यंत्रसंशोधक शंकर आबाजी भिसे

पुस्तक वाचताना वाचकाचे लक्ष मजकुराकडे असते. तो मजकूर ज्या अक्षरांनी छापला गेला ती अक्षरे कशी तयार झाली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आज अक्षरे संगणकाच्या पडद्यावर जुळविली जातात; परंतु शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक अक्षरासाठी धातूचा एक लहानसा खिळा लागत असे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतून हे खिळे तयार करीत. छापखान्यातील जुळारी ते एकेक करून उचलीत, ओळीत बसवीत आणि मग त्यांवर शाई लावून कागद छापला जाई. हे खिळे अधिक वेगाने ओतता यावेत यासाठी युरोप-अमेरिकेतील अनेक कुशल यंत्रज्ञ झटत होते. त्यांच्या बरोबरीने या कामास हात घालणारा एक मराठी माणूस होता. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. त्या काळी मुंबई झपाट्याने बदलत होती. आगगाडी सुरू होऊन थोडीच वर्षे लोटली होती. कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहत होती आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे आले होते. या नव्या गोष्टी पाहून बहुतेक लोक आश्चर्य करीत व पुढे जात. शंकरला मात्र त्या कशा चालतात हे समजल्यावाचून चैन पडत नसे. दगडी कोळसा बंद भांड्यात तापविला म्हणजे त्यातून जळणारा वायू निघतो, हे त्यास कळले. तेव्हा चौदाव्या वर्षीच त्याने असा वायू तयार करणारे उपकरण घरच्या घरी बनविले. शोध लावण्यासाठीच एके दिवशी विलायतेस किंवा अमेरिकेस जायचे, हा निश्चय त्याने सोळाव्या वर्षी केला.

हा निश्चय पुरा होण्यास बराच काळ लागावयाचा होता. भिसे यांनी उपजीविकेसाठी नोकरी धरली आणि उरलेला वेळ प्रयोगांस दिला. विज्ञानाची आवड असलेल्या मंडळींना एकत्र करून त्यांनी मुंबईत एक विज्ञानमंडळ स्थापन केले. शास्त्रातील गोष्टी सामान्य लोकांना स्वभाषेत समजाव्यात म्हणून ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिकही त्यांनी चालविले. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एक वस्तू पालटून तिच्या जागी दुसरीच दिसू लागावी, असे दृष्टिभ्रमाचे प्रयोग ते करून दाखवीत. लोकांस ती जादू वाटे. परंतु तिच्या मुळाशी प्रकाशाच्या गुणधर्मांचा अभ्यास होता.

याच सुमारास लंडनमधील संशोधनविषयक एका नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ यांसारखा सुटा माल आपोआप तोलून देणारे यंत्र स्पर्धकांनी सुचवावयाचे होते. भिसे यांना ही वार्ता उशिरा कळली. त्यांनी पहाटेच्या वेळी बसून घाईने आराखडा काढला आणि तो लंडनला पाठवून दिला. इंग्लंडमधील सर्व स्पर्धकांना मागे टाकून तोच आराखडा पहिला आला! या यशाने मुंबईतील वजनदार लोकांचे लक्ष या तरुणाकडे वळले. राष्ट्रसभेचे पुढारी दिनशा वाच्छा यांनी त्यांच्याविषयी लंडनला दादाभाई नवरोजी यांस लिहिले. एकोणिसावे शतक सरता सरता भिसे मुंबई सोडून लंडनला गेले.

दादाभाई हे १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेले थोर देशभक्त. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडेवारीने सिद्ध केले होते. हिंदी माणसास संधी मिळाली तर तो यंत्रविद्येतही मागे राहणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून त्यांनी भिसे यांस केवळ आशीर्वाद दिला नाही, तर पैसाही पुरविला. लंडनमध्ये भिसे यांच्या कल्पकतेस बहर आला. दिव्यांच्या प्रकाशात जाहिराती आपोआप पालटून दाखविणारे यंत्र, स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरध्वनीतील सुधारणा अशा नाना विषयांत त्यांची बुद्धी खेळू लागली. जो शोध लागेल त्याचे ते पेटंट घेत. पेटंट म्हणजे आपल्या शोधाचा उपयोग ठरावीक मुदतीपर्यंत दुसऱ्या कोणी परवानगीवाचून करू नये, असा सरकारने दिलेला हक्क.

या सर्व शोधांत त्यांना सर्वांत प्रिय होते ते खिळे ओतण्याचे यंत्र. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. परंतु त्यात मोठी मेख आहे. सर्व खिळ्यांची उंची अगदी सारखी असावी लागते. एक खिळा केसभर जरी आखूड राहिला तरी कागदावर त्याचे अक्षर पुसट उमटते. धातूचा रस थंड होताना आकसतो. यंत्राचा वेग वाढवावा तर साचा तापतो, मग खिळे नीट घट्ट होत नाहीत. म्हणजे वेग साधला की नेमकेपणा जातो आणि नेमकेपणा साधला की वेग मंदावतो. अमेरिकेत १८८६ पासून वापरात आलेल्या लायनोटाइप यंत्राने अक्षरांची सबंध ओळच एका वेळी ओतण्याची युक्ती काढली होती. परंतु तिच्यात एका अक्षराची चूक झाली तरी सारी ओळ पुन्हा ओतावी लागे. सुटे खिळे वेगाने ओतणे, हा प्रश्न भिसे यांनी आपला मानला.

कित्येक वर्षे ते या एकाच प्रश्नामागे लागले. त्यांच्या यंत्राची कल्पना ऐकून लंडनमधील जाणत्या लोकांनी ती अशक्य ठरविली. भिसे यांनी वाद घातला नाही. त्यांनी यंत्र तयार करून ते चालवून दाखविले. मिनिटाला सुमारे १२०० खिळे, असा त्याचा वेग सांगितला जातो. या यंत्रास ‘भिसोटाइप’ असे नाव मिळाले.

परंतु यंत्र चालणे निराळे आणि त्याचा कारखाना चालणे निराळे. तशी शेकडो यंत्रे बनविण्यास मोठे भांडवल हवे होते. दादाभाईंची ऐपत बेताची होती. त्यांचे इंग्रज स्नेही हिंडमन यांनी भांडवलदार मिळविण्याची खटपट केली. पण ती सिद्धीस गेली नाही. पुढे १९०७ मध्ये वृद्ध दादाभाई मायदेशी परतले आणि भिसे यांचा लंडनमधील मोठा आधार गेला. दुसऱ्याच वर्षी त्यांना स्वतःलाही रिकाम्या हाताने परत यावे लागले.

वाफेच्या यंत्रात क्रांती करणारा स्कॉटलंडचा जेम्स वॅट यासही हा अनुभव आला होता. १७६९ मध्ये पेटंट मिळूनही त्याचे यंत्र कित्येक वर्षे पैशावाचून अडून राहिले. १७७५ मध्ये बोल्टन नावाच्या उद्योगपतीने त्यास भागीदार करून घेतले आणि मग ते यंत्र जगभर गेले. भिसे यांच्या वाट्यासही असा उद्योगपती आला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांनी त्यांच्या शोधास भांडवल देऊ केले आणि १९१० मध्ये टाटा-भिसे यांची भागीदारीची संस्था लंडनमध्ये सुरू झाली. परंतु वॅटला जो अवधी मिळाला तो भिसे यांस मिळाला नाही. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, व्यापाराची घडी विसकटली आणि १९१५ मध्ये ती संस्था बंद पडली.

या वेळी भिसे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दुसरा एखादा या दुसऱ्या आघाताने खचून गेला असता. भिसे यांनी मात्र अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका गाठली. सोळाव्या वर्षी केलेल्या निश्चयाचा दुसरा भाग असा पुरा झाला. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपल्या यंत्रात पुन्हा सुधारणा केल्या आणि खिळे ओतणारी यंत्रे तयार करण्यासाठी एक कंपनी उभी केली. रसायनशास्त्रातही त्यांनी लक्ष घातले. आयोडीनपासून त्यांनी तयार केलेले ‘ॲटोमिडीन’ नावाचे औषध अमेरिकेत विकले जाऊ लागले. अमेरिकन लोक त्यांस हिंदुस्थानचा एडिसन म्हणू लागले. १९३० मध्ये प्रत्यक्ष एडिसन यांची आणि त्यांची भेट झाली, तेव्हा दोघेही आयुष्याच्या उतरणीवर होते.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे भिसे यांचे निधन झाले. सुमारे २०० शोध त्यांच्या नावावर सांगितले जातात आणि त्यांपैकी सुमारे ४० शोधांची पेटंटे त्यांनी घेतली होती. ज्या खिळ्यांसाठी त्यांनी आयुष्याची इतकी वर्षे वेचली, ते खिळे आज छापखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यामुळे त्यांचे यंत्रही विस्मृतीत गेले. परंतु कोणत्याही मोठ्या कारखान्याचे पाठबळ नसता, परक्या देशात, परक्या भाषेत, जाणत्यांनी अशक्य ठरविलेले काम त्यांनी करून दाखविले. दोनदा भांडवल आटले, दोनदा देश बदलावा लागला. पण हातातील काम त्यांनी एकदाही खाली ठेवले नाही. घरच्या भांड्यात कोळसा तापवून पाहणाऱ्या त्या चौदा वर्षांच्या मुलाची जिज्ञासा त्यांच्या ठायी अखेरपर्यंत जागी होती.